पाय दाबणं म्हणजे मसाज का? वॉशिंग्टन राज्यात रिफ्लेक्सॉलॉजीसाठी काय लागतं?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे. थोडं लांबेल.

साताऱ्यात मी आठ वर्षं रिफ्लेक्सॉलॉजी केली, म्हणजे पाय, हात आणि कानांवरचे असे बिंदू दाबणं जे शरीराच्या वेगवेगळ्या भागांशी जोडलेले मानले जातात. घरातलीच एक खोली, एक आरामखुर्ची, समोर माझा पाट, मांडीवर टॉवेल. येणाऱ्या बहुतेक बायका दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या. शिक्षिका, दवाखान्यातल्या सिस्टर, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे सिएटलजवळ बॉथेलला आलो. गणपतीच्या दिवसांत एका घरी आरतीला गेलो होतो. तिथल्या काकू सकाळपासून ओट्याशी उभ्या होत्या, पाय भरून आले होते. मी दहा मिनिटं त्यांचे तळपाय दाबून दिले. दुसऱ्या दिवसापासून चार जणींचे फोन आले की आम्ही घरी येतो, पैसे देतो.

मी हो म्हणणार होते. ओळखीतल्या एका मुलीने अडवलं. म्हणाली, इथे मसाजला लायसन्स लागतं. मी म्हटलं, अगं मी मसाज करतच नाही. तेल लावत नाही, पाठ चोळत नाही, कुणाला कपडे बदलायला सांगत नाही. फक्त पाय, हात आणि कान. ती म्हणाली, तो फरक तुला कळतो, कायद्याला कळतो का?

हाच माझा प्रश्न आहे. इथला कायदा रिफ्लेक्सॉलॉजीला मसाज धरतो का? माझ्याकडे भारतातला डिप्लोमा आहे, त्याचा उपयोग होतो का? कुणी या व्यवसायात असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पाऊलवाट

निशिगंधाताई, मी टकोमाला असते. याच राज्यातली प्रमाणित रिफ्लेक्सॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे अनुभवाने लिहिते.

आधी सरळ उत्तर: फोन करणाऱ्या चौघींना सध्या नाही म्हणा. या राज्यात रिफ्लेक्सॉलॉजीला राज्याच्या आरोग्य विभागाचं प्रमाणपत्र लागतं. कायदा २०१२ मध्ये झाला आणि १ जुलै २०१३ पासून प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुमच्या मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. मसाजचं लायसन्स असलेल्या माणसाला वेगळं प्रमाणपत्र न घेता रिफ्लेक्सॉलॉजी करता येते. पण तुम्हाला फक्त रिफ्लेक्सॉलॉजीच करायची असेल तर मसाजचं लायसन्स घ्यायची गरज नाही, वेगळा आणि छोटा रस्ता आहे.

आता व्याख्या, कारण सगळं तिथेच आहे. मसाज आणि रिफ्लेक्सॉलॉजी दोन्ही राज्याच्या कायद्याच्या एकाच प्रकरणात येतात, प्रकरण क्रमांक १८.१०८ मध्ये. मसाजची व्याख्या ऐसपैस आहे. उपचाराच्या हेतूने शरीराच्या मऊ ऊतींवर बाहेरून केलेली हाताळणी किंवा दिलेला दाब. मग प्रकार मोजलेत: थोपटणं, दाबणं, घासणं, हात सरकवत नेणं, मळणं, हलवणं, ताण देणं. सोबत तेल, पाणी, मीठ, गरम-थंड काहीही चालतं. आणि त्या यादीत मध्येच एक शब्द आहे, रिफ्लेक्सॉलॉजी.

रिफ्लेक्सॉलॉजीची व्याख्या मात्र कुंपण घालते. अंगठा आणि बोटांनी आलटून-पालटून दिलेला दाब. तोही फक्त हातपायांचा खालचा एक तृतीयांश भाग, पावलं, हातांचे पंजे आणि बाह्यकर्ण एवढ्यावरच. आणि तो बिंदूंच्या नकाशाला धरून. पुढे स्पष्ट लिहिलंय की रोगाचं निदान, विशिष्ट रोगावर उपचार आणि सांध्यांची हाताळणी यात येत नाही.

म्हणजे मसाजवाल्याला तुमचं काम करता येतं, तुम्हाला त्याचं नाही.

हाताचं बोलायचं तर तुम्हाला मी काय सांगणार, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. आपला अंगठा तळव्यावर सुरवंटासारखा चालतो. पहिलं पेर वाकतं, दाब बसतो, पेर सरळ होताना अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो, पुन्हा वाकतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक रेघ संपायला मिनिटभर लागतं. कातडीवरून हात घसरत नाही. मसाजमध्ये हाताची लांब सरक असते, तळहात पोटरीवरून गुडघ्याकडे जातो. कायद्यातला आलटून-पालटून दिलेला दाब हा त्या सुरवंटाच्या चालीचाच कायदेशीर शब्द आहे. ज्यांनी हे शब्द घातले त्यांना काम माहीत होतं, असं मला प्रत्येक वेळी वाचताना वाटतं.

अभय_ना

मूळ प्रश्नाला धरून नाही, पण विचारतो. रिफ्लेक्सॉलॉजीने रोग बरे होतात याला आधार नाही. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्यांचा आढावा घेतला होता, निष्कर्ष असा की कुठल्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचं सिद्ध होत नाही. मग सरकार तिला आरोग्यसेवा म्हणून प्रमाणपत्र कसं देतं? त्याने लोकांची दिशाभूल होत नाही का?

पाऊलवाट

अभयजी, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आढाव्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पण व्याख्येतलं शेवटचं वाक्य पुन्हा बघा. कायदा असं म्हणत नाही की अंगठ्याखालचा बिंदू दाबला की थायरॉइड सुधारतं. उलट तसं म्हणायला मला बंदी आहे. मी कुणाला 'तुमच्या यकृतात दोष दिसतो' म्हटलं तर ते निदान झालं, आणि निदान माझ्या प्रमाणपत्राबाहेर आहे. मला म्हणता येतं ते एवढंच: पाय हलके वाटतील, थोडा आराम पडेल.

प्रमाणपत्र ही पद्धत खरी असल्याची पावती नाही. बंद खोलीत अनोळखी माणसाच्या अंगाला कोण हात लावतंय, त्याचं शिक्षण किती, तक्रार कुठे करायची, एवढ्याची ती नोंद आहे. २०१३ च्या आधी इथे मसाजला लायसन्स होतं आणि रिफ्लेक्सॉलॉजी मोकळी होती. त्यामुळे पाटी पायांची लावायची आणि आत बिनलायसन्सचा मसाज किंवा त्याहून वाईट प्रकार चालवायचे, ही पळवाट उघडी होती. आमच्यासारख्या कामाने पोट भरणाऱ्या बायकांकडे लोक त्या नजरेने बघायचे. प्रमाणपत्र आलं तेव्हा मला ओझं वाटलं नाही, पाठीशी कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं.

निशिगंधा

पाऊलवाटताई, किती नेमकं लिहिलंत. सुरवंट वाचून बोटं शिवशिवली.

काही शंका. एक, मी शेवटी पाच मिनिटं पोटरी दाबते, गुडघ्याच्या खाचेपर्यंत. साताऱ्यात सगळ्यांना तेच जास्त आवडायचं. ते चालेल? दोन, काशाच्या वाटीने तळपाय घासणं. आजीची वाटी मी इथे आणली आहे. तीन, पैसे न घेता केलं तर? चार, घरात सासूबाई आहेत, त्यांचे पाय मी रोज रात्री दाबते. त्यालाही प्रमाणपत्र लागेल का?

पाऊलवाट

सासूबाईंचे पाय निश्चिंत दाबा. जवळच्या कुटुंबीयांना दिलेला मसाज किंवा रिफ्लेक्सॉलॉजी या कायद्यातून वगळलेली आहे.

पैसे न घेता: बंदीचं वाक्य व्यवसाय करण्याबद्दल आणि स्वतःला रिफ्लेक्सॉलॉजिस्ट म्हणवण्याबद्दल आहे. पैसे घेतले तरच, अशी अट त्या वाक्यात नाही. मंडळाच्या कार्यक्रमात टेबल मांडून मोफत करू असं मनात असेल तर तेही प्रमाणपत्रानंतरच.

पोटरी: इथेच बहुतेक जण घसरतात. खालचा एक तृतीयांश म्हणजे घोट्याच्या वर थोडंसं. मी स्वतः घोट्यावर माझ्या चार बोटांच्या रुंदीला थांबते, त्यापुढे हात नेत नाही. गुडघ्याची खाच तर कुठल्याही हिशेबाने बाहेर. लोकांना आवडतं म्हणून हात वर गेला की त्या क्षणापासून तुम्ही विनालायसन्स मसाज करताय. माणूस तोच, खुर्ची तीच, फक्त वीतभर अंतर.

काशाची वाटी: व्याख्येत अंगठा आणि बोटं म्हटलंय. वाटी, तूप, घासणं हे सगळं मसाजच्या व्याख्येकडे झुकतं. तळपायाला तूप लावून वाटी फिरवणं हे आपल्याकडे पादाभ्यंगात मोडतं, त्याला बिंदूंचा नकाशा नसतो. वाटी सासूबाईंसाठी ठेवा.

आता शिक्षण. रिफ्लेक्सॉलॉजीला किमान २०० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. मसाजला ५०० हून जास्त तास. भारतातल्या डिप्लोम्याचे तास आणि विषय कागदावर सविस्तर असतील तर आरोग्य विभागाला आधी विचारा, थेट नवीन कोर्सची फी भरू नका.

नदीकाठ

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. निशिगंधाताई, तुमचा व्हिसा कुठला? एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर कामाचा परवाना वेगळा लागतो, आणि तो मे २०१५ पासून ठरावीक जोडीदारांनाच मिळतो, साधारणपणे ज्यांच्या नवरा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय त्यांना. राज्याचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्र. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

निशिगंधा

कामाचा परवाना आहे. आठवण करून दिलीत, आभार.

लिंबलोण

मी सॅन होजेच्या बाजूला राहते. इथलं चित्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियात मसाजचं राज्यपातळीवरचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. २००८ च्या कायद्याने त्यासाठी मंडळ नेमलं, आणि प्रत्यक्षात दुकान कुठे, किती वाजेपर्यंत, कुठल्या परवान्यावर हे शहर ठरवतं. फूट मसाजच्या दुकानांबाबत शेजारशेजारच्या दोन गावांचे नियम वेगळे असू शकतात. त्यामुळे अमेरिकेत चालतं किंवा चालत नाही असं कुणी सांगितलं तर आधी राज्य विचारावं, मग शहर.

न्यू यॉर्कला बहीण आहे. तिथे मसाजची व्याख्या स्नायूंभोवती फिरते: चोळणं, मळणं, थोपटणं, कंपन देणं, कशासाठी तर स्नायूंची बळकटी आणि रक्ताभिसरण सुधारावं म्हणून. शिक्षण १,००० तासांचं. न्यू हॅम्पशायर आणि नॉर्थ डकोटात मात्र रिफ्लेक्सॉलॉजिस्टला स्वतःचं लायसन्स आहे.

मेघमल्हार

मिसिसागा, कॅनडा. इथला फरक पावतीवर दिसतो, म्हणून लिहितो.

ऑन्टारियोत मसाज थेरपी हा १९९१ च्या कायद्याखाली नियंत्रित आरोग्यव्यवसाय आहे. त्याचं स्वतःचं कॉलेज आहे, म्हणजे शिकवणारं नव्हे, नोंदणी आणि शिस्त पाहणारं. रिफ्लेक्सॉलॉजी त्या नियंत्रित व्यवसायांच्या यादीत नाही. कुणीही करू शकतं, पण नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही.

माझ्या आईने एका ठिकाणी सहा वेळा पायांची रिफ्लेक्सॉलॉजी करून घेतली. प्रत्येक वेळी अर्धा तास, मोजे काढून, बाकी काही नाही. सहाही पावत्यांवर मसाज थेरपी लिहिलेलं आणि खाली एक नोंदणी क्रमांक. तो क्रमांक ज्या थेरपिस्टचा, त्याला आईने कधी पाहिलंच नव्हतं. मी कामाच्या विम्यातून पैसे मागितले, विमा कंपनीने चौकशी केली आणि खुलासा मलाच द्यावा लागला. आईला वाटलं आपण चोरी केली. तीन रात्री तिला झोप लागली नाही. पैसे मी परत केले. तिच्या चेहऱ्यावरचा तो अपराधी भाव अजून आठवतो आणि आजही संताप येतो.

म्हणून विनंती: ज्याने हात लावला त्याचंच नाव आणि जे केलं त्याचंच नाव पावतीवर असू दे. विमा रिफ्लेक्सॉलॉजीला पैसे देत नसेल तर नाही देत.

सिडनीकर

ऑस्ट्रेलियात हा फरक थेट खिशाला लागला. १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून १६ नैसर्गिक उपचारपद्धती वगळल्या, त्यात रिफ्लेक्सॉलॉजी होती. रेमेडियल मसाज, म्हणजे दुखऱ्या स्नायूंवरचा उपचारी मसाज, त्या यादीत नव्हता, त्याला विमा चालू राहिला. आमच्या इथल्या एका रिफ्लेक्सॉलॉजी करणाऱ्या बाईंनी त्याच वर्षी मसाजचा डिप्लोमा करायला घेतला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

वकिली_कोथरूड

धागा छान चाललाय. भारताची बाजू मांडतो, कारण निशिगंधाताईंच्या डिप्लोम्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आपल्याकडे मसाज थेरपिस्ट नावाचा कायद्याने घडवलेला व्यवसायच नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, मसाजवाले किंवा रिफ्लेक्सॉलॉजिस्ट नाहीत. त्यामुळे मसाज आणि रिफ्लेक्सॉलॉजी यांच्यात रेघ ओढायची वेळच आपल्या कायद्यावर आली नाही. आपली रेघ दुसरीकडे आहे: वैद्यकीय उपचार एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला.

ती रेघ सगळ्यात स्पष्ट दिसते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने बऱ्याच पर्यायी पद्धती तपासल्या होत्या. इलेक्ट्रोपॅथी, चुंबकचिकित्सा, रेकी, रिफ्लेक्सॉलॉजी, स्वमूत्रचिकित्सा, रंगचिकित्सा वगैरे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, होमिओपॅथी, योग आणि निसर्गोपचार या आधीच्या मान्य पद्धतींपलीकडे कुणालाही वैद्यकपद्धती म्हणून मान्यता मिळाली नाही. ॲक्युपंक्चर आणि संमोहनोपचार यांना उपचाराचा एक प्रकार म्हणून वाव दिला. पुढे ॲक्युपंक्चरला महाराष्ट्रात स्वतःचा कायदा आणि परिषदही मिळाली. रिफ्लेक्सॉलॉजी तिथेच राहिली.

त्याच आदेशात दोन गोष्टी होत्या ज्या लोकांना कुणी सांगत नाही. अमान्य पद्धतींचे पूर्णवेळ पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवू नयेत. आणि 'डॉक्टर' हा शब्द फक्त मान्य पद्धतीच्या व्यावसायिकांनी वापरावा. शिवाय आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ आहे, नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणं हा गुन्हा.

म्हणजे पाय दाबायला हरकत नाही. पाय दाबून मधुमेह बरा करतो म्हणायला आहे.

तोक्योवासी

जपानचं ऐका, तुमच्या चर्चेत बसतं. इथे मसाज आणि आन्मा, शिआत्सु या अंग दाबण्याच्या जपानी पद्धती यांना राष्ट्रीय परवाना लागतो, कायदा १९४७ चा. रिफ्लेक्सॉलॉजीला परवाना नाही. म्हणून स्टेशनाजवळच्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या दुकानांच्या पाट्यांवर मसाज हा शब्द शोधून सापडत नाही. सगळीकडे आराम, विसावा, थकवा घालवणं अशीच भाषा. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की परवाना नसलेल्या उपचारावरची बंदी आरोग्याला धोका होऊ शकेल अशा कृतींपुरतीच आहे. त्या आधारावर हा सगळा धंदा उभा आहे. इथे रेघ मुख्यतः शब्दांत आहे, वॉशिंग्टनमध्ये ती पोटरीवर आहे.

अभय_ना

पाऊलवाट, पटलं. रोगाचं नाव घेता येत नाही हे मला माहीत नव्हतं. माझा आक्षेप पद्धतीवर आहे, तुमच्यावर नाही, तसं वाटलं असेल तर क्षमस्व.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे गेले, काय केलं ते सांगते.

वकीलदादांचा प्रतिसाद वाचून मी पेटीतून माझे कागद काढले. डिप्लोमा देणाऱ्या संस्थेने आम्हा सगळ्यांना निरोप समारंभात शंभर-शंभर कार्डं छापून दिली होती. माझ्या नावाआधी डॉ., खाली रांगेने मधुमेह, थायरॉइड, संधिवात, वंध्यत्व. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते, वडिलांनी ते कार्ड देवापुढे ठेवलं होतं. आठ वर्षं मी ती कार्डं वाटली. समोरच्या बाईला मधुमेह आहे कळल्यावर मी एकीलाही डॉक्टरांची गोळी बंद करा म्हटलं नाही, हे आज आठवून पुन्हा पुन्हा तपासलं. पण कार्ड वाचून कुणी स्वतःच बंद केली असेल का, हे मला कधीच कळणार नाही. फी घेऊन आम्हाला शिकवणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं. उरलेली एकोणतीस कार्डं मी फाडली.

आरोग्य विभागाला मेल केली. अभ्यासक्रमाचे तास, विषय आणि सरावाचे तपशील मागवलेत. माझ्या डिप्लोम्यावर तासच लिहिलेले नाहीत, फक्त 'सहा महिने' आहे. संस्थेकडून पत्र मिळवायला भावाला साताऱ्यातून धाडलंय. नाही मिळालं तर इथे २०० तास नव्याने करीन, नवरा तयार आहे.

रोज रात्री सासूबाईंच्या पायांवर सराव चालू आहे, घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत. हात पोटरीकडे आपोआप जातो, आठ वर्षांची सवय. परवा तिथे शिवणाच्या टेपची गोल गाठ मारून ठेवली. त्या म्हणाल्या, काय गं हे? मी म्हटलं, इथपर्यंत माझं.

पाऊलवाटताई, परीक्षेत कानाच्या नकाशावर प्रश्न असतात का? तो भाग माझा कच्चा आहे.

पाऊलवाट

कान कच्चा ठेवू नका. व्याख्येत पावलं, हात आणि कान तिन्ही आहेत, तर तिन्हींची तयारी हवी. माझ्या वह्या आहेत, हाताने काढलेल्या आकृत्यांसकट. शनिवारी सिएटलला येणार आहे, घेऊन येते. सासूबाईंनाही भेटेन.